भूमिकाखेळ : मेजावरचा आणि पडद्यावरचा

‘रोल-प्लेइंग गेम’ ह्या इंग्रजी नावाने जे खेळ ओळखले जातात त्यांस प्रस्तुत लेखात ‘भूमिकाखेळ’ असे म्हटले आहे. शब्द नवा असला तरी अर्थ उघड आहे. खेळणाराने एखाद्या कल्पित व्यक्तीची भूमिका घ्यावयाची, तिच्या वतीने बोलावयाचे, निर्णय करावयाचे, आणि त्या निर्णयांतून निघणारी कथा इतरांच्या संगतीने पुढे न्यावयाची. हा खेळ आज मुख्यतः दोन ठिकाणी खेळला जातो. चारपाच माणसे मेजाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन तो खेळतात. किंवा संगणकाच्या पडद्यावर, ऑनलाइन खेळांच्या विस्तीर्ण जगात, जेथे एकाच वेळी हजारो खेळाडू वावरत असतात, तेथे तो खेळला जातो. ज्यांनी दोन्ही प्रकार अनुभविले आहेत त्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. पडद्यावरचे जग कितीतरी अधिक देखणे, अधिक मोठे आणि केव्हाही हाताशी असणारे असूनही तेथे भूमिका जगल्याचे समाधान क्वचितच लाभते. आणि मेजाभोवती, जेथे पाहावयास जवळजवळ काहीच नसते, तेथे ते पुष्कळदा लाभते. ह्याचे नेहमी दिले जाणारे कारण असे की, यंत्र निर्जीव आहे आणि माणसांचा सहवास सजीव. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. ऑनलाइन खेळातही समोर माणसेच असतात, आणि ती हजारोंनी असतात. तेव्हा कारण अन्यत्र शोधावयास हवे.

प्रथम मेजावर प्रत्यक्षात काय घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. चार प्रवासी नदीकाठी आले आहेत. नाव आहे, नावाडीही आहे. पण तो मागतो तेवढे पैसे कोणाजवळ नाहीत. खेळाडूंपैकी एकाने एका वैदूची भूमिका घेतली आहे. तो भांडण करीत नाही, नाव पळविण्याचा बेतही करीत नाही, तो सहज विचारतो, “बाबा, घरी कोण कोण आहे तुझ्या?” हा प्रश्न येईल असे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. खेळ चालविणारा, ज्यास आपण सूत्रधार म्हणू, क्षणभर थांबतो आणि उत्तरतो की, घरी एक मुलगी आहे आणि ती चार दिवस तापाने फणफणली आहे. वैदू झोपडीत जातो. औषध लागू पडेल की नाही हे ठरविण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकला जातो, आणि दान वाईट पडते. मुलगी दगावते. नावाडी काही न बोलता त्यांना पलीकडे पोहोचवितो आणि पैसे घेत नाही. पुढे महिन्याभराने त्याच टोळीस जीव वाचवून त्याच नदीवर परत यावे लागते, तेव्हा नाव काठावर उलटी पडलेली असते.

ह्या प्रसंगाची फोड केली तर तीन गोष्टी हाती लागतात. खेळाडूचे बोलणे ऐकले गेले. ऐकणाऱ्याने त्यावर निर्णय दिला. आणि त्या निर्णयाचा परिणाम टिकला. खेळाच्या नियमग्रंथात नावाड्याच्या मुलीविषयी एक अक्षरही नाही. ती एका प्रश्नातून जन्मास आली आणि एका दानाने गेली, आणि तरीही त्या चौघांच्या जगात तिचे मरण ही आता न बदलणारी गोष्ट झाली. माझ्या मते भूमिकाखेळाचे समाधान ह्या तीन गोष्टींच्या संयोगात आहे. मेज, फासे आणि मेणबत्त्यांचा उजेड ह्या त्याच्या उपाधी होत.

ह्या सूत्रधाराची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने, आपल्या पित्याने आरंभिलेली कल्पना सुधारून, ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ ह्याचे नियम प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे. पंचाने नकाशावर सैन्ये हलवावयाची आणि फासे टाकून कोष्टकांवरून हानी ठरवावयाची, अशी त्याची पद्धत होती. कोष्टके पुढे इतकी वाढली की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ साली फेर्डी दु व्हेर्नुआ ह्या सेनाधिकाऱ्याने धाडसाचा मार्ग सुचविला: कोष्टके बाजूस ठेवावी आणि निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोडावा. पुस्तकातील नियम की माणसाचा विवेक, हा वाद तेव्हापासूनचा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

अमेरिकेत ह्याच सुमारास, १८८० साली, चार्ल्स टॉटन ह्या लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ हा युद्धखेळ लिहिला. खेळाडूने काहीही करून पाहावे, ते साधते की नाही हे पंचाने ठरवावे, असे तत्त्व त्यात होते. जवळजवळ नव्वद वर्षांनी हे विस्मृतप्राय पुस्तक मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेस्ली ह्या तरुणाच्या हाती पडले. १९६९ साली त्याने नेपोलियनच्या काळातील ब्राउनश्टाइन ह्या कल्पित जर्मन गावावर एक युद्धखेळ योजिला. परंतु सेनापतींच्या जोडीला त्याने काही खेळाडूंना नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख अशा बिनलष्करी भूमिका दिल्या. लढाई सुरू होण्याचे राहिलेच. खेळाडू एकमेकांना कोपऱ्यात गाठून कट करू लागले, आणि वेस्लीला वाटले की प्रयोग पार फसला. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्यांतील डेव्ह आर्नेसन ह्याने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचे आपले कल्पित जग उभे केले. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्सशी त्याची गाठ पडली. आणि १९७४ साली त्या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची होती, आणि मुखपृष्ठावर तो युद्धखेळच म्हणवला होता. आपण एक नवा कलाप्रकार निर्माण केला आहे ह्याची कल्पना कर्त्यांनाही नसावी, असे त्यावरून वाटते.

कलाप्रकार हा शब्द येथे जाणूनबुजून योजिला आहे, कारण नाट्यशास्त्राच्या अभ्यासकास ह्या खेळात एक जुना प्रश्न नव्या वेषात भेटतो. रस कोणाच्या ठायी असतो? भट्ट लोल्लटाने तो मुख्यतः मूळ व्यक्तीच्या, म्हणजे रामादिकांच्या, ठायी मानला. अभिनवगुप्ताने तो सहृदय प्रेक्षकाच्या ठायी मानला, आणि नट हे केवळ ‘पात्र’, म्हणजे रसाचे भांडे, असे म्हटले. भांड्याला चव कळत नाही. भूमिकाखेळात प्रेक्षकच नसतो. बाहेरचा कोणी मनुष्य तेथे येऊन बसला तर त्याला बहुधा कंटाळाच येईल. येथे नट तोच सहृदय. भांड्यालाच चव घ्यावयाची आहे. मग स्वतःच्या अभिनयाची चव स्वतःला कशी यावी? ती दुसऱ्याच्या प्रतिसादातून येते. मी वैदू म्हणून बोललो आणि समोरच्याने मला वैदू म्हणूनच उत्तर दिले, तर ती भूमिका मला बाहेरून परत मिळते. उत्तर आले नाही, किंवा भलत्याच स्वरात आले, तर मी नुसता मोठ्याने स्वप्न पाहत बसलेला मनुष्य ठरतो.

आपल्याकडील दशावतारी नाटकाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. सिंधुदुर्ग आणि गोवा ह्या भागांतील दशावतारी मंडळींजवळ परंपरेने लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, आणि संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. समोरच्याने टाकलेला शब्द झेलून परत फेकण्याची ही हातोटी भूमिकाखेळाच्या फार जवळची आहे. फरक एवढाच की, दशावतारात शेवट अढळ असतो. संकासुर कितीही हजरजबाबी असला तरी त्याचा वध चुकत नाही, आणि तो चुकावा अशी कोणाची इच्छाही नसते. मेजावरच्या खेळात शेवट कोणालाच ठाऊक नसतो, सूत्रधारालाही नसतो. निदान नसावा.

समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन ह्यांनी अशा मंडळांत प्रत्यक्ष वावरून केलेला अभ्यास १९८३ साली ‘शेअर्ड फॅन्टसी’ ह्या ग्रंथात मांडला. त्यांनी गॉफमनची चौकटींची कल्पना घेऊन असे दाखविले की, मेजाभोवती बसलेला मनुष्य एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो. तो घरी लवकर जावयाचे असलेला एक गृहस्थ असतो. फाशांचा हिशेब करणारा खेळाडू असतो. आणि नावाड्याशी बोलणारा वैदूही असतो. मंडळी ह्या पातळ्यांवरून क्षणाक्षणाला वरखाली होत असतात आणि तरी खेळ मोडत नाही, कारण आता कोण कोणत्या पातळीवरून बोलतो आहे हे सर्वांना आवाजावरून, चेहऱ्यावरून कळते. ही समज लहान मंडळातच टिकते, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

आता संगणकाकडे वळू. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहिण्यास आरंभ केला, आणि पुढे रिचर्ड बार्टल ह्याने तो पुढे नेला. चित्रे नव्हती, सर्व काही शब्दांत. अनेक जण एकाच वेळी त्या जगात शिरू शकत, एकमेकांशी बोलू शकत, आणि गुण मिळवीत मिळवीत ‘विझर्ड’ ह्या पदास पोहोचत. येथे सूत्रधार नाहीसा झाला आणि त्याच्या जागी संगणकाचा कार्यक्रम बसला. ह्या बदलाचे महत्त्व त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही. यंत्ररूपी पंच निःपक्षपाती, अविश्रांत आणि बिनचूक असतो. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यात आधी लिहून ठेवलेले नाही तो प्रश्न त्याला ऐकूच येत नाही. “घरी कोण कोण आहे तुझ्या?” असे त्या नावाड्यास विचारले तर तो एक तर गप्प राहील, किंवा भाड्याची रक्कम पुन्हा सांगेल.

बार्टल ह्यांनीच १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात अशा खेळांतील खेळाडूंचे चार प्रकार पाडले: यश मिळविणारे, जग धुंडाळणारे, माणसांशी संबंध जोडणारे आणि इतरांना मारण्यात आनंद मानणारे. हे वर्गीकरण फार गाजले. भूमिका घेणारास त्यांनी तिसऱ्या प्रकारात घातले, आणि तो तेथे काहीसा अवघडल्यासारखाच बसतो. त्याला गप्पा नको असतात असे नाही. पण आपल्या पात्राच्या वतीने केलेल्या कृतीचा जगावर ठसा उमटावा ही त्याची मूळ भूक आहे, आणि ती गप्पांनी भागत नाही.

ठसा का उमटत नाही, ह्याचे उत्तर संख्येत आहे. हजारो लोक ज्या जगात राहतात त्या जगात नावाड्याची मुलगी मरू शकत नाही, कारण उद्या येणाऱ्या खेळाडूलाही ती वाचवावयाची आहे. दहा हजार वैदूंना दहा हजार वेळा तीच मुलगी, तोच ताप आणि तीच कृतज्ञता. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ १९९७ साली निघाला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी ह्यावर एक मोठी महत्त्वाकांक्षी योजना केली होती. जगात गवत असावे, गवतावर हरणे जगावी, हरणांवर लांडगे जगावे; कोणी हरणे मारली तर भुकेले लांडगे गावाकडे यावे, आणि त्यातून आपोआप कथा घडाव्या. प्रत्यक्षात खेळाडूंच्या झुंडी जगात शिरल्या आणि त्यांनी दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्याने मारला की, हा निसर्गक्रम कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच कोलमडला. अखेर कर्त्यांनी तो काढून टाकला. परिणाम टिकणारे जग हजारो हातांपुढे तग धरू शकत नाही, ह्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणे कठीण.

२००४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने वेगळी वाट धरली. तेथे मारलेला राक्षस थोड्या वेळाने पुन्हा उभा राहतो, आणि ह्यात कोणाला विसंगती वाटू नये अशी अपेक्षा असते. पुढे २००८ साली ह्या खेळात एक युक्ती आणली गेली: ज्याने एखादी कामगिरी पुरी केली त्याला ते गाव बदललेले दिसावे, आणि ज्याने केली नाही त्याला पूर्वीसारखेच. युक्ती चतुर आहे, ह्यात शंका नाही. पण तिचा परिणाम असा की, एकाच जागी उभे असलेले दोन मित्र दोन निरनिराळी जगे पाहू लागतात. मेजावर चौघांचे मिळून एक जग असते. येथे प्रत्येकाला स्वतःचे स्वतंत्र जग मिळाले, आणि सहभोग गेला. परिणाम हवा असेल तर सोबत सोडा, सोबत हवी असेल तर परिणाम सोडा, असा हा पेच आहे.

तरीसुद्धा ह्याच खेळात काही लोक वर्षानुवर्षे समाधानाने भूमिका करीत आले आहेत, आणि त्यांनी हे कसे साधले हा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये भूमिका करू इच्छिणारांसाठी काही सर्व्हर राखून ठेवले होते. तेथे जाऊन नुसते उभे राहिल्याने काही मिळत नाही. बाजारचौकात माल विकणाऱ्यांच्या आरोळ्या आणि उड्या मारणारी पात्रे इतरत्र असतात तशी तेथेही असतात. जाणते खेळाडू लहान लहान मंडळे करतात आणि एखाद्या मद्यगृहात किंवा आडबाजूच्या गढीत ठरल्या वेळी जमतात. आपल्या पात्राची कृती ते शब्दांत लिहितात, आणि ती जवळच्यांना वाचावयास मिळते. येथे एक अलिखित पण कडक दंडक आहे: मी तलवार उगारली एवढेच मी लिहावे; ती तुम्हांला लागली असे मी लिहू नये. लागली की नाही हे ज्याचे अंग त्याने लिहावे. ‘टोटल आरपी थ्री’ नावाचा एक पूरक कार्यक्रम आहे. त्यात प्रत्येकाने आपल्या पात्राचे रूप, चालण्याची लकब, अंगावरचे व्रण इत्यादी वर्णन लिहून ठेवावयाचे, आणि ज्यांच्याजवळ तो किंवा त्याच्याशी जुळणारा कार्यक्रम आहे त्यांनाच ते दिसावयाचे. म्हणजे गर्दीने भरलेल्या जगाच्या पोटात, केवळ परस्पर जाणणाऱ्यांनाच दिसणारे दुसरे जग त्यांनी उभारले.

त्याहून पुढची गोष्ट अशी. ह्या खेळात एक ते शंभरपर्यंतचा कोणताही एक अंक यदृच्छेने काढून देणारी आज्ञा आहे. मिळालेली लूट कोणी घ्यावी हे ठरविण्याच्या कामी ती सर्रास वापरली जाते. भूमिका करणारी मंडळे आपल्यांतील एकाला कथा चालविण्याचे काम देतात आणि त्या आज्ञेचा फासा करतात. दार फुटले का? अंक काढा. पहारेकऱ्याने विश्वास ठेवला का? अंक काढा, आणि कथा चालविणारा सांगेल. पडद्यावरचे दार जसेच्या तसे असते. पण त्या सहा जणांच्या दृष्टीने ते फुटलेले असते. लक्षावधी डॉलर खर्चून उभारलेल्या यंत्ररूपी पंचाला बाजूस सारून ह्या लोकांनी त्याच्याच अंगणात मेज मांडले आहे. यंत्राने द्यावयाचे ते नेपथ्य तेवढे दिले.

ही गोष्ट पटली म्हणजे इतर उदाहरणांचा उलगडा चटकन होतो. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अ‍ॅस्पनिस ह्याने लिहिलेल्या ‘टायनीमड’मध्ये ना गुण होते ना लढाया, खेळाडूंनी स्वतःच खोल्या बांधावयाच्या आणि बोलावयाचे. त्यातून ‘मश’ नावाची शब्दमय जगांची परंपरा निघाली. तेथे चालक मंडळी खेळाडूंचे म्हणणे वाचून निकाल देत. पडद्यावर अक्षरांखेरीज काही नसलेली ही जगे भूमिका करणारांना अत्यंत प्रिय झाली, हे केवळ योगायोगाने घडलेले नाही. तसेच २००२ साली निघालेल्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’मध्ये जग रचण्याची साधने खेळाडूंच्या हाती दिलेली होती, आणि एकाने सूत्रधार होऊन, खेळ चालू असतानाच, नावाड्याच्या तोंडून हवे ते बोलावे अशी सोय होती. खेळाडूंनी स्वतः चालविलेली अशी छोटी जगे पुढे पुष्कळ वर्षे नांदली. आणि २०१२ साली सुरू झालेल्या ‘रोल ट्वेंटी’सारख्या साधनांनी तर मेजच पडद्यावर नेले, २०२० सालच्या साथीत घराबाहेर पडणे बंद झाले तेव्हा असंख्य मंडळांनी हाच मार्ग पत्करला. खांद्यावर थाप आणि मध्येच येणारा चहा एवढे हरवले. खेळ शाबूत राहिला, कारण ऐकणारा, ठरविणारा आणि लक्षात ठेवणारा शाबूत राहिला.

येथवर वाचून कोणास वाटेल की मेज हे सर्व दुःखांवरील औषध आहे. तसे मुळीच नाही. वाईट सूत्रधारासारखा जाच नाही. काही सूत्रधारांनी मनात एक कादंबरी रचलेली असते आणि खेळाडूंना तिच्यातून हाकीत नेण्यालाच ते खेळ समजतात. तेथे प्रश्न ऐकला जातो, पण त्याचे काहीच होत नाही, आणि ह्या बाबतीत असा सूत्रधार यंत्राहून वेगळा नाही. काही मंडळांत मोठ्या आवाजाचा एक जण सगळा वेळ खातो. शिवाय पाच प्रौढ माणसांना दर आठवड्यास एकच मोकळी सायंकाळ मिळणे हे स्वतःच एक साहस आहे. मंडळे भांडणापेक्षा ह्याच कारणाने अधिक मोडत असावीत. आणि ज्याच्या गावात दुसरा खेळणाराच नाही, ज्याला अंथरूण सोडता येत नाही, जी स्त्री अनोळखी पुरुषांच्या मेजावर एकटी जाऊन बसू इच्छित नाही, त्यांना मेजाची थोरवी सांगण्यात अर्थ नाही. लिहून खेळण्याचा तर एक स्वतंत्र गुण आहे. आपले खरे वय, आवाज, लिंग ह्यांपैकी काहीच आड येत नसल्यामुळे माणूस स्वतःपासून दूरची भूमिका सहज घेऊ शकतो. शेरी टर्कल ह्यांनी ‘लाइफ ऑन द स्क्रीन’ ह्या १९९५ च्या ग्रंथात ह्या अनुभवाचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. समोरासमोर बसलेल्या संकोची मनुष्याला पहिले वाक्य उच्चारणेच जड जाते. त्याला विचार करून चार ओळी लिहिण्याची सवड मिळाली तर तो कदाचित मंडळातील सर्वांत चांगला नट ठरेल.

म्हणूनच ह्या प्रश्नाकडे करमणुकीची किरकोळ बाब म्हणून पाहणे योग्य नव्हे. एखादा मनुष्य भूमिका करण्याच्या उत्कंठेने मोठ्या ऑनलाइन खेळात शिरतो, दरमहा सुमारे पंधरा डॉलर भरतो, चौकाचौकात लोकांशी पात्राच्या भाषेत बोलू पाहतो, थट्टेचा धनी होतो, आणि अखेर अशा समजुतीने बाहेर पडतो की, आपल्याजवळ कल्पनाशक्ती नाही किंवा आपले हे वेड पोरकट आहे. त्याच्याजवळ जे होते ते त्याने चुकीच्या ठिकाणी मांडले, एवढेच खरे असते. मेजावर पहिल्याच खेपेस दुराग्रही सूत्रधार भेटलेल्या मनुष्याचीही हीच गत होते, आणि तो मात्र समजतो की, असले खेळ यंत्रावरच बरे.

अलीकडे एक तिसराच सूत्रधार पुढे आला आहे. २०१९ साली निघालेल्या ‘एआय डंजन’पासून भाषा घडविणारी संगणकीय प्रतिमाने सूत्रधाराचे काम करू लागली. जुन्या यंत्राचा दोष ह्यांच्यात नाही. नावाड्यास घरची चौकशी केली तर हा सूत्रधार मुलगी, ताप, झोपडी सर्व काही क्षणात देतो. प्रारंभीची अशी यंत्रे थोड्याच वेळात ती मुलगी विसरूनही जात; तो दोष पुष्कळ कमी होत आला आहे. दुसरा अधिक खोल दिसतो. हा सूत्रधार फार लवकर रुकार देतो. खेळाडूने “मी तिला बरी केली” असे म्हटले की ती बरी होते. मेजावर वैदूच्या पदरी अपयश आले म्हणून नावाड्याचे मौन लक्षात राहिले; जेथे नकार मिळत नाही तेथे होकारालाही वजन राहत नाही. फाशाचे सामर्थ्य येथे कळून येते: तो कोणाचीच मर्जी राखीत नाही. शिवाय ह्या यंत्रासमोर एकटेच बसावयाचे असेल तर मघाशी सांगितलेला रसाचा प्रश्न उरतोच. उलटी पडलेली नाव पाहून शेजारचाही गप्प झाला, हे तेथे दिसणार नाही.

तेव्हा भूमिकाखेळाच्या समाधानाच्या शोधात निघालेल्या मनुष्याने मेज की पडदा हा प्रश्न आरंभी विचारू नये. किती माणसे आहेत, हे आधी विचारावे. तीनपासून सहापर्यंतची संख्या सामान्यतः सोयीची पडते. दहाच्या वर गेल्यास कोणीतरी प्रेक्षक होऊन बसतो. निकाल कोण देतो आणि त्याला नाही म्हणता येते काय, हे त्यानंतर. मागील खेपेची टिपणे कोणी ठेवतो काय, हेही पाहावे. जेथे टिपणवही आहे तेथे परिणाम टिकण्याची शक्यता असते, मग ती वही कागदाची असो वा पडद्यावरची. आणि मंडळात शिरण्यापूर्वी एखाद्या जुन्या सभासदाला गाठून विचारावे की, खेळाडूंनी काहीतरी अनपेक्षित केल्यामुळे सूत्रधाराला आपला बेत टाकून द्यावा लागला, असे शेवटचे केव्हा घडले? ज्या मंडळात खेळ जिवंत आहे तेथे ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून लगेच एक लांबलचक हकीकत ऐकावी लागते, आणि ती सांगताना सांगणारा अर्ध्यावरच “तो” सोडून “मी” म्हणू लागतो.